मागची सीट

अमरावती शहरात बायका चालवतात अशा जेवढ्या म्हणून स्कूट्या आहेत, त्या सगळ्यांची मागची सीट देवाने आपल्यासाठीच बनवली आहे, अशी माझ्या रूम पार्टनरची पक्की समजूत होती. ती दर्यापूरकडची, मी अकोल्याची. राजापेठेत एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोन वर्षं राहिलो आणि एमएस्सीच्या तासांसाठी रोज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, विद्यापीठात जायचो. गाडी दोघींकडेही नव्हती. पंचवटी चौकापर्यंत एक ऑटो, तिथून दुसरा, असा सरळसोट मार्ग होता. सगळी पोरं त्याच मार्गाने जायची. ती मात्र जात नसे, आणि तिची माझ्यावर माया फार, म्हणून मलाही जाऊ देत नसे.

लिफ्ट मागायला हात दाखवणं तिला मंजूर नव्हतं. हात पोलिसवाले दाखवतात, असं तिचं म्हणणं. ती सिग्नलला थांबलेल्या स्कूटीपाशी जायची, "काकू, मांगची सीट खालीच चालली नं?" असं विचारायची आणि काकूंचं उत्तर यायच्या आत त्या सीटवर बसलेली असायची. मग मला हाक, "ये नं वं, पाहून काय राहिली?" मी कशीबशी टेकायची, काकू बिचाऱ्या हँडलला चिकटेपर्यंत पुढे सरकायच्या आणि आमची वरात निघायची. काकू कुठे चालल्यात, हे ती कधीच विचारत नसे. "इचारलं का मानूस नाई म्हनते. आधी बसा, मंग पाहू." यामुळे विद्यापीठात म्हणून निघालेली मी कधी बडनेऱ्याला उतरायची, कधी वलगावच्या रस्त्यावर. एकदा तर आमचा तिसरा तास सुरू असताना आम्ही कोणाच्या तरी भाचीच्या साखरपुड्यात पोहे खात होतो, आणि ही नवऱ्या मुलाच्या आईला सोयाबीनवरच्या अळीचा इलाज सांगत होती. मुलाच्या आईने तो हळदीकुंकवाच्या पिशवीमागे लिहूनही घेतला.

बरं, लिफ्ट फुकट असते हाही गैरसमज. त्या दोन वर्षांत माझ्या मांडीवर शिलाई मशीनचं डोकं, तुळशीची कुंडी, विरजण लावलेलं पातेलं आणि एक अनोळखी बाळ इतक्या गोष्टी बसून गेल्या. बाळाला टोचायला न्यायचं होतं. त्याच्या आईला रडणं बघवत नव्हतं, म्हणून दवाखान्यात त्याला मी धरलं. ते टोचल्यावर जे माझ्या ओढणीला लटकलं, ते सुटायला पाऊण तास लागला. ही बाहेर बाकावर बसून त्याच्या आईला, सासूशी कसं वागावं ते समजावत होती. हिचं लग्न झालेलं नव्हतं.

"आपण एक दिवस, फक्त एक दिवस, ऑटोने जाऊ शकत नाही का?" मी विचारायची.

"ऑटोत मले गमत नाई. सारे मोबाईलमंधी तोंड खुपसून बसतेत. कोनी बोलत नाई."

"मला बोलायचं नाहीये, पोहोचायचंय!"

"पोचतोच त आपन रोज," ती शांतपणे म्हणायची. खोटं नव्हतं ते. पोहोचायचो. फक्त सर फळा पुसत असायचे.

शेवटच्या सत्रात आमच्या प्रोजेक्टची व्हायवा होती. बाहेरगावचे परीक्षक येणार होते, आणि दोघींचे नंबर लागोपाठ होते. नेमका त्या दिवशी ऑटोवाल्यांचा बंद. मी तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, आज तुझीच विद्या कामी येऊ दे. आणि तिने पाच मिनिटांत स्कूटी मिळवली. पंचावन्नच्या पुढच्या एक काकू होत्या, पायाशी फुगलेली बॅग. एक शब्दही न बोलता त्यांनी आम्हाला बसवून घेतलं. पंचवटी चौकात आल्यावर मात्र विद्यापीठाचा रस्ता सोडून त्या भलतीकडेच वळल्या. माझा धीर सुटला, आणि दोन वर्षांत तिने जे कधी विचारलं नव्हतं, ते मी विचारलं.

"काकू, तुम्ही नक्की चालल्या कुठे?"

त्यांनी गाडी बाजूला घेतली. समोरच पाहत म्हणाल्या, "मले मालूम नाई, बाई."

हळूहळू कळलं ते असं. सकाळी घरी सुनेशी वाजलं होतं. मुलगा म्हणाला, जमत नसेल तर जा. त्यांनी बॅग भरली आणि निघाल्या. सात वाजल्यापासून शहरभर नुसत्या फिरत होत्या.

रूम पार्टनर खाली उतरली, स्कूटीची किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "काकू, चला, आधी चाय घेऊ." मी घड्याळ दाखवलं. "तू जाय," ती म्हणाली. "मी येतो मांगून."

"कधी? साडेअकराला नंबर आहे आपला!"

"येतो म्हनलं नं."

ती आली नाही. मी निम्मं अंतर पळत गेले, उरलेलं आमच्याच विभागातल्या लॅबच्या बाईंच्या गाडीवर. माझी व्हायवा बरी झाली. तिचं नाव शिपायाने तीनदा पुकारलं. मी दारातच उभी होते.

संध्याकाळी खोलीवर आले, तर माझ्या पलंगावर काकू बसलेल्या, आणि ही स्टोव्हवर भात टाकत होती. मी तिला गच्चीवर ओढत नेलं. "सहा महिने घालवलेस! ओळख ना पाळख, कोण कुठल्या बाईसाठी!"

"त्यायले तिथं सोडून आली असतो, त व्हायवात मले काय आठोलं असतं?"

तेव्हा मी एक वाक्य बोलून गेले. म्हटलं, "तुला स्वतःला कुठेच जायचं नसतं, म्हणून तू दुसऱ्यांच्या मागे बसतेस." ती मान वळवून भात बघायला आत गेली. आणि मला, खरं सांगते, तेव्हा बरंच वाटलं.

त्या दिवसापासून त्या खोलीत आम्ही तिघी झालो. काकू पहाटे उठून माझ्या नोट्सवर परात ठेवून कणीक मळायच्या. सहाव्या दिवशी त्यांचा मुलगा पत्ता शोधत आला, जिन्यातच मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, चल नं घरी." काकूंनी त्याला आत बसवलं, चहा दिला. म्हणाल्या, "येईन. पाहुनी म्हनून येईन." त्या गेल्या नाहीत. मला अकोल्यात नोकरी लागली, तेव्हा माझा पलंग त्यांनी घेतला. सहा महिन्यांनी हिची व्हायवा झाली. काकू तिला घेऊन तासभर आधीच विद्यापीठात हजर होत्या, वाटेत कुठेही न थांबता, असं मी नंतर ऐकलं.

मागच्या महिन्यात मी अमरावतीला गेले. ती आता तिथेच एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. काकू तिच्यासोबतच राहतात, आसपासच्या मुलींना डबे देतात. खोली तीच. माझ्या पलंगावर दुसरी चादर होती, आणि मला पाहुण्यासारखं खुर्चीवर बसवलं. ते गच्चीवरचं वाक्य मला इतकी वर्षं सलत होतं. बसमध्ये मी काय बोलायचं ते नीट जुळवून आले होते.

"त्या दिवशी मीपण थांबायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

"काहून? तुही परीक्षा होती नं."

"तुझीही होती."

"मंग?" ती म्हणाली, आणि भाकरी वाढायला उठली.

काकू कढई घेऊन आल्या. "हिले वांग्याची भाजी चालते नं वं?" त्यांनी तिला विचारलं.

"नाई चालत. पन सांगत नाई, चुपचाप खाऊन घेते. तिच्यासाठी मी डाळ टाकली आज."

दोन वर्षं मी तिच्या हातची वांगी एक अक्षर न बोलता गिळली होती. तिला ते कळलं नाही, अशी माझी समजूत होती. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि डाळीत बुडवला.