चोरचोळीपायी मारलेली थाप

पाचवा महिना लागला आणि माझ्या पोलक्यांनी संप पुकारला. वरची दोन हुकं लागेनात. तिथे सेफ्टीपिना अडकवायच्या, वरून पदर घ्यायचा आणि मिरवायचं, असा माझा थाट. केस इतके दाट झाले की वेणी मुठीत मावेना. अक्कल मात्र होती तेवढीच राहिली.

आमच्याकडे पाचव्यात सासू सुनेला चोरचोळी देते. गाजावाजा नाही, घरातल्या घरात हिरवी चोळी आणि ओटी. सासूबाईंनी ती दोन बोटं सैल शिवून ट्रंकेत ठेवलेली मी चोरून पाहिली होती. पण त्यांचा नियम असा, की बाळ हललं की मगच चोळी. रोज विचारायच्या, "काय गो, कळतंय काय?" रोज माझं, "नाही."

एका दुपारी मी वालाची उसळ दोनदा मागून खाल्ली. थोड्या वेळाने पोटात गुडगुडलं. ते काय होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ओरडले, "आई, हललं!"

सासूबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या. देवापुढे साखर ठेवली, दिवेलागणीला ओटी भरली. चोळीची सगळी हुकं लागली. मी आरशासमोरून हलेना.

मग आठ दिवस गेले, पंधरा गेले. पोटात काहीच नाही. सासूबाई कौतुकाने विचारत, "आज किती वेळा?" आणि मी "दोनदा" म्हणून पुढची थाप मारी. दुपारी पोटावर हात ठेवून पडायची. माझ्या खोटेपणावर बाळ रुसलं, असं मला बावळटीला खरंच वाटे. शेवटी एका सकाळी रडू फुटलं. "आई, हलत नाही."

सासूबाईंचा चेहरा उतरला. तशाच मला एसटीत घालून रत्नागिरीला दवाखान्यात घेऊन गेल्या.

"पंधरा दिवस चांगलं हलत होतं हो, आता थांबलंय," त्यांनी नर्सबाईंना सांगितलं. नर्सबाई एकदम गंभीर झाल्या. आता बोलणं भाग होतं.

"कधीच हललं नाही," मी म्हणाले. "ते वाल होते."

कोणी हसलं नाही. नर्सबाईंनी पोटावर लाकडी नळी टेकवून कान लावला. सासूबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"लागताहेत ठोके. छान आहेत." नर्सबाई सरळ झाल्या. "पहिलटकरणीला उशिराच कळतं. पण त्याला आता ऐकू यायला लागेल हो, यापुढे थापा जपून."

सासूबाई झपाझप पुढे आणि मी मागे, अशा आम्ही स्टँडवर आलो. बाकावर बसल्यावर मी विचारलं, "चोळी परत देऊ?"

"कुणाला बसणार आहे ती आता? गप बस."

गप बसले. आणि बेंबीखाली काहीतरी टुणकन उडालं, ओंजळीतल्या पाण्यात जिवंत कोळंबी उडावी तसं. परत एकदा. मी तोंड उघडलं नाही. माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? डोळे मात्र भरून आले.

"काय झालं?"

"काही नाही."

"खरं सांग गो."

मी त्यांचा हात पदराखाली ओढून पोटावर ठेवला.

"बाहेरून एवढ्यात लागत नाही हाताला," त्या म्हणाल्या. पण हात काढला नाही. आमची गाडी लागली, भरली, सुटलीसुद्धा. दोघी बसूनच होतो.