पोचल्याचा फोन

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळुरूत ऑफिसला निघायच्या घाईत होते. लातूरहून भाचा बोलत होता. "मावशी, आई गेली... तू ये, आम्ही थांबतो." नशिबानं त्या दिवशी दुपारी नांदेडचं विमान होतं. ते दीड तासात नांदेडला उतरलं, आणि तिथून लातूरपर्यंत गाडीनं तीनेक तास. लोहा, अहमदपूर, चाकूर... जेवढ्या वेळात एवढा मुलूख आकाशातून ओलांडला, तेवढ्याच वेळात रस्त्यानं जेमतेम अहमदपूर आलं. लातूरलाही विमानतळ आहे, पण आमचं विमान काही तिथं उतरत नाही.

आमची आई लवकर गेल्यामुळं माझं माहेर म्हणजे या थोरल्या बहिणीचं घर. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आक्कानं ती हट्टानं पाळली. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, स्वच्छतेचं भारी वेड. शेंगांची टरफलं पायाखाली आली की ते कुरकुरायचे, "तुझ्या बहिणीपायी उकिरड्यात बसावं का आम्ही?" आक्का झाडू मांडीखाली घेऊन बसायची. "बसा की. पोरगी वाटंला हाय."

मी पहिल्यांदा विमानानं बंगळुरूला परत गेले तेव्हा मात्र ती फसली. विमान कधी सुटतं आणि त्याला दीड तास लागतो, एवढं मी सांगून ठेवलं होतं. तिनं घड्याळाकडं बघत तेवढा वेळ काढला आणि घर लख्ख झाडलं. इकडं विमान नांदेडहून उडालंच नव्हतं, संध्याकाळपर्यंत आम्ही तिथंच बसून. फोनवर तिचा आवाज रडवेला. "म्याच घाई केली गं. म्याच झाडलं." मला हसू आवरेना. पुढं तिनं घड्याळावर कधी भरवसा ठेवला नाही. माझा आवाज कानावर पडल्याशिवाय झाडू हलत नसे.

आक्का गेली त्या दिवशी माझी गाडी दारात थांबली तेव्हा अंगण ओलं होतं. शेजारची एक बाई ओसरीवरचं पाणी झाडूनं उंबऱ्याबाहेर लोटत होती. मला कुणी काही सांगावं लागलं नाही. दिवस मावळायच्या आत न्यायचं होतं, बिचारे थांबून थांबून किती थांबणार... सगळं कळतं मला. मयत उचलली की घर लगेच झाडून धुवायचं, हीसुद्धा आमच्याकडचीच रीत. पण माझ्यासाठी जिनं जन्मभर केर अडवून धरला, ती निघाली तर तिच्यामागं कुणी घटकाभर थांबलं नाही, याचा मला फार राग आला. अजून आहे. तिचं तोंड मला बघायला मिळालं नाही.

तेरावं झालं आणि मी परत निघाले. आधी गाडी, मग विमान. बंगळुरूच्या घरात पाऊल टाकलं आणि सवयीनं आक्काचाच नंबर लावला. वाजायला लागल्यावर भानावर आले, पण तोवर दाजींनी उचलला होता.

"पोचले, दाजी."

 ते सुनेला हाक मारून म्हणाले, "झाड आता. पोचली ती."

सकाळपासून त्यांनी कुणाला झाडूला हात लावू दिला नव्हता. फोन त्यांच्या हातात तसाच चालू राहिला, आणि पलीकडून फरशीवर झाडू फिरल्याचा आवाज यायला लागला. मी ऐकत उभी राहिले. पोचल्याचं अजून जरा उशिरा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.