दादाचा पहारेकरी

माझा थोरला भाऊ कुणाच्या अध्यात ना मध्यात. ऑफिसात साहेबाने झापलं तरी मान डोलावतो. दिवसभर गिळलेला राग तो घरी येऊन एकाच ठिकाणी काढतो, इंटरनेट कंपनीवर.

आधी तो तक्रारी स्वतः टाइप करायचा. मग त्यात त्याला कमीपणा वाटू लागला. प्रोग्रॅमरने हाताने तक्रार लिहायची म्हणजे आचाऱ्याने बाहेरून डबा मागवायचा, असं त्याचं मत. म्हणून त्याने एक स्क्रिप्ट लिहिली आणि तिचं नाव ठेवलं ‘पहारेकरी’. हा पहारेकरी थोड्या थोड्या वेळाने एक भलीमोठी फाइल उतरवून नेटचा वेग मोजायचा, आणि वेग कमी भरला की दादाच्या नावाने कंपनीच्या सोशल मीडियावरच्या पानावर तक्रार ठोकायचा. कंपनीनेही तिकडे यंत्रच बसवलेलं. ते लगेच लिहायचं, ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.’ दोन यंत्रांचं छान जमलं होतं. नेट मात्र दिवसेंदिवस आणखीच रडत होतं.

मुलगी झाल्यावर वहिनीने नोकरी सोडली होती. आता मुलगी शाळेत जायला लागली, आणि वहिनीला एका प्रकाशनात घरून करायच्या कामासाठी व्हिडिओवर मुलाखतीचं बोलावणं आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्याला कामासाठी विचारतंय, याचाच तिला केवढा आनंद. तिने दादाला एवढंच सांगितलं की त्या सकाळी नेट नीट चालेल असं बघ. दादाने ते मनावर घेतलं. कंपनी वचकून राहावी म्हणून त्याने पहारेकऱ्याला दर मिनिटाला वेग मोजायला लावला.

मुलाखत सुरू झाली. पहिल्याच प्रश्नाला पडद्यावर वहिनीचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. समोरच्या बाईंनी दोनतीनदा हॅलो केलं, मग ‘नंतर कळवतो’ असं लिहून त्या निघून गेल्या. तेवढ्यात दादा हसत हसत बाहेर आला. आज म्हणे त्याने कंपनीची पार अब्रू काढली होती आणि अनोळखी लोक त्याची पाठ थोपटत होते. मला तर त्याच पाठीत धपाटा घालावासा वाटला.

वहिनी उठली. आत गेली आणि तिने दादाच्या कॉम्प्युटरची वायर उपटली. माझ्या फोनवर सकाळपासून अडकलेला सिनेमा धडाधड पळायला लागला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण घालणारा माझ्या फोनकडे बघत उभा होता.

“पण मुळात नेट स्लोच होतं ना,” दादा म्हणाला. “नाहीतर मी कशाला हे सगळं केलं असतं?”

वहिनीने त्याचा फोन हातातून काढून घेतला आणि कंपनीच्या पानावर, त्याच्याच नावाने, एकेक अक्षर दाबत लिहिलं, ‘बायकोची मुलाखत मी बुडवली.’

कंपनीच्या यंत्राने लगेच कळवलं की आपल्या गैरसोयीबद्दल ते मनापासून दिलगीर आहेत.

आमच्या घरात त्या प्रकाराबद्दल आजवर तेवढीच माफी मागितली गेली आहे.