सुईणीचं सूप

"तू हितंच थांब. आत पाहुणे बसल्यात," असं म्हणून वहिनींच्या सासूबाईंनी मला गॅरेजमध्ये उभं केलं. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या. मध्ये मी, नवी साडी नेसून. आत बारसं चाललं होतं.

थोड्या वेळानं त्या परत आल्या. हातात सूप. सुपात तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, आणि एक मोरपंखी साडी. डोक्यावर पदर घेऊन त्यांनी ते सूप माझ्यापुढं धरलं.

"घे. तुजा मान हाय हा. सुईणीला पाळण्याआधी द्यायचा असतो."

त्या बारशाची मी आत्या होते. निदान त्या सकाळपर्यंत तरी होते.

मी महाळुंगे पडवळची. पुण्याला नर्सिंग शिकले, तिथंच काही वर्षं नोकरी केली. दोन हजार सालानंतर इंग्लंडला नर्सेस हव्यात म्हणून आपल्याकडच्या पोरी निघाल्या, त्यात मीही निघाले. घोडेगावच्या पुढं एकटी न गेलेल्या माझ्या आईनं मला विमानतळापर्यंत सोडलं. इथं पोचल्यावर लगेच नर्स होता येत नाही. आधी म्हाताऱ्या माणसांच्या निवासात कुणाच्या तरी हाताखाली काम करायचं, त्यांनी पास म्हटलं की मग नोंदणी. त्याच निवासाच्या माळ्यावर मला खोली होती. छप्पर इतकं तिरकं की उठून बसताना डोकं आपटायचं. हिवाळ्यात चार वाजताच अंधार. दिवसभर इंग्रजी. महिनाभर मराठीचा एक शब्द कानावर पडला नाही, तेव्हा मी आंघोळ करताना स्वतःशीच बोलायला लागले. आज काय भाजी केलीस, असं स्वतःलाच विचारायचे.

निवासात एक म्हातारा माझा हात झटकायचा. काळ्या हातानं मला धुवू नको म्हणायचा. मॅनेजरबाई आली आणि त्याला म्हणाली, इथं हीच नर्स आहे, धुवून घ्यायचं असेल तर हिच्याकडूनच. म्हाताऱ्यानं हात पुढं केला. मला वाईट वाटलं, पण फार नाही. तो परका होता. परक्याकडून मी काही मागितलंच नव्हतं.

वहिनी भेटल्या गुजराती दुकानात. मी मेथी निवडत होते आणि सवयीनं पुटपुटले, "देठं बघ कसली निबर." मागून आवाज आला, "मराठी का गं?" मी वळले. सहावा-सातवा महिना असेल त्यांना. मूळच्या पुण्याच्या. नवरा डॉक्टर, जुन्नरचा. मी आंबेगाव तालुक्यातली म्हटल्यावर त्यांनी दुकानातच माझा हात धरला.

"अगं, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडचीच की तू. माझी नणंदच झालीस."

गावाकडं आंबेगावचा माणूस जुन्नरला गेला तर पाहुणा ठरतो. इंग्लंडात मात्र दोन्ही तालुके एक झाले. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायला लागले. मासवडी करायचे. डॉक्टर सहा वर्षांनी मासवडी खात होते. रस्सा वरपताना त्यांचे डोळे भरून आले, ते तिखटानं का जुन्नरच्या आठवणीनं, कोण जाणे. त्या घरात मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे. फ्रीज उघडायला विचारायचे नाही. वहिनींपुढं "न्हाई", "व्हतं" असं बोललं तरी त्या हसायच्या नाहीत. मला घर मिळालं होतं. खरं सांगते, मी इतकी सुखात होते की आईला फोनवर म्हणाले, "इथं मला मोठा भाऊ मिळालाय." आई फक्त "बरं" म्हणाली.

वहिनींना दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. त्यांची आई हयात नव्हती. सासूबाईंचं तिकीट पुढचं. इंग्लंडातला दवाखाना दुसऱ्याच दिवशी बाळंतिणीला घरी पाठवतो. डॉक्टरांच्या ड्युट्या चालू. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी फोन केले. दहा दिवसांचं सोयर फिटलं की येतो म्हणाल्या.

मी सगळी रजा टाकली आणि त्यांच्या घरी राहायला गेले. बाळंतिणीला तेल लावलं. पायांवर घेऊन पोरीला न्हाऊ घातलं. हीटरवर फडकं गरम करून शेक दिला, कारण शेगडी कुठून आणणार. बाळंतशेपा भाजला, खीर केली, रक्ताचे कपडे धुतले. हे कुणी सांगितलं नव्हतं. भावाच्या घरचं बाळंतपण होतं, मी करत होते.

चौथ्या दिवशी वहिनींच्या पाठीला तेल चोळताना मी म्हणाले, "वहिनी, एक सांगायचं राहिलंय. आम्ही बौद्ध आहोत."

माझं आडनाव आमच्या गावात दोन्हीकडं आहे, मराठ्यांतही आणि आमच्यातही. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, मुलीचं नाव ठेवायच्या आधी त्यांच्या कानावर असावं.

वहिनींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "वेडी आहेस का? इथं कोण बघतंय असलं? नाव तूच ठेवायचं. आत्या तूच. शब्द दिला."

त्या संध्याकाळी मी कुंची शिवायला घेतली. आत्यानं कुंची न्यायची असते. लाल कापड, कडेला पांढरी झालर. मशीन नव्हतं, म्हणून हातानंच टाके घातले.

सासूबाई आल्या तेव्हा सोयर फिटायला आलं होतं. गोड बाई. आल्या आल्या त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मग चहा पिता पिता विचारलं, "पडवळात घर कुठंशी तुजं?"

आमच्याकडं जात विचारत नाहीत. घर कुठंशी एवढंच विचारतात. वरच्या आळीत म्हटलं की एक कळतं, ओढ्यापलीकडं म्हटलं की दुसरं. मला लपवायचं काहीच नव्हतं. "ओढ्यापलीकडं," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. "मंग तू त्या सुईणीची नात व्हय? माजी भैन पडवळात दिल्याली. तिची दोनी पोरं तुज्या आजीच्या हातची. तरीच म्हणलं, पोरीच्या हाताला गुण हाय."

मलाही आनंद झाला, हे लिहिताना आज अंगावर काटा येतो. सातासमुद्रापार कुणीतरी माझ्या आजीची आठवण काढली म्हणून मी त्यांना आणखी एक कप चहा दिला.

बारशाच्या आदल्या दिवशी वहिनींनी कपाट उघडून विचारलं, "मोरपंखी आवडतो का डाळिंबी?" मला वाटलं, आत्याची साडी. मी लाजत मोरपंखी म्हणाले.

आणि आता ती मोरपंखी साडी सुपात होती, तांदळावर.

आजीबरोबर मी गावात जायचे तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. बाळंतपण झालेल्या घरी दहा दिवस आजीला मोकळीक. चुलीपर्यंत जायची, बाळंतिणीच्या बाजेवर बसायची. त्या दिवसांत बाळंतीणच विटाळलेली, मग तिला हात लावणारी आजी कुणाला खुपत नसे. सोयर फिटलं, घर सारवलं, की आजी उंबऱ्याबाहेर. मग बारशाला सूप बाहेर आणून ठेवायचे आणि दोन पावलं मागं सरायचे. आजी ते उचलायची. "सुखी ऱ्हा" म्हणायची. मी तिचा पदर धरून उभी असायचे, आणि आतल्या पाळण्याचा आवाज यायचा.

माझी आई सून म्हणून घरात आली ती धम्म घेतलेल्या घरातून. तिनं पहिली काही वर्षं बघितलं. मग एके दिवशी सासूला म्हणाली, "आत्याबाई, बाळंतपण करा. जीव वाचवा. पन सूप घरात आणू नका." आजी महिनाभर रुसली. पण त्यानंतर ती रिकाम्या हातानंच परत यायची.

हे सगळं त्या गॅरेजमध्ये एका क्षणात माझ्यापुढं उभं राहिलं. माझे हात पुढं गेले नाहीत. मी ते पाठीमागं घेतले.

"काकू, मी सुईण नाही. मी आत्या म्हणून आलेय."

"आगं, ते सूनबाईचं कौतुकाचं बोलनं. आत्या आपल्यातलीच लागती ना. मंडळातल्या बाई हायेत, त्या बसल्यात पाळण्यापाशी. तू मनाला लावून घेऊ नको. हे सूप जुन्नरच्या बाजारातनं मुद्दाम आणलंय बघ तुज्यासाठी. सूनबाईनं फोनवर सांगितलं, तशी लगीच गेले."

जुन्नरच्या बाजारातनं. म्हणजे विमानात बसायच्या आधी त्यांना सगळं ठाऊक होतं. घर कुठंशी हे नुसतं खात्री करायला विचारलं होतं. आणि सांगणारं एकच माणूस होतं. तिची पाठ माझ्या हाताखाली होती, तेलानं गरम झालेली. इथं कोण बघतंय म्हणाली, आणि मी स्वयंपाकघरात तिची खीर ढवळत असताना तिनं जुन्नरला फोन लावला.

सासूबाईंचा मला राग आला नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्या जशा होत्या तशाच होत्या. वहिनींनी मला नणंद केलं होतं. साडीचा रंग विचारला होता.

डॉक्टर खुर्च्या न्यायला गॅरेजमध्ये आले. त्यांनी सूप बघितलं, मला बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. माझ्या हातची मासवडी खाऊन डोळे पुसलेला माणूस.

"घे ना," ते हळू म्हणाले. "आईचं मन राख. दोन मिनिटांचा प्रश्न आहे."

आणि दोन खुर्च्या काखेत मारून ते आत गेले.

आतून हसण्याचा आवाज आला. बाळाच्या कानात नाव सांगताना आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात, तो आवाज. धप, धप. मला लहानपणापासून ते धपाटे खायचे होते. मला भाऊ नाही. या एका घरात ते मला मिळणार होते. ते कुणा दुसरीच्या पाठीत पडत होते.

मी निघाले. गॅरेजचं बाहेरचं दार उघडंच होतं, पण त्या दारानं मी गेले नाही. स्वयंपाकघरातून, बैठकीच्या खोलीतून, पाहुण्यांच्या मधून पुढच्या दाराकडं चालत गेले. पाळण्यात पोरगी होती. डोक्याला लाल कुंची. कुंची ठेवून घेतली, आत्या नाही.

वहिनी म्हणाल्या, "अगं, निघालीस कुठं?" अगदी गोड आवाजात.

मी थांबले. "वहिनी, मी बौद्ध आहे हे तुम्हाला मी स्वतः सांगितलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, इथं कोण बघतंय. मग मला गॅरेजमध्ये सूप का?"

"चांगल्या कार्यात तमाशा नको गं. मान म्हणून दिलं होतं."

"मान असेल तर इथं, पाळण्यापाशी द्या. सगळ्यांसमोर."

डॉक्टर कॅमेऱ्याच्या बटणाशी खेळत होते. एक बाई घुगऱ्यांची वाटी घेऊन खिडकीपाशी गेली. शिकलेली माणसं होती सगळी. एकानं तरी, खोटं का होईना, म्हणावं, की बस गं, तूच नाव ठेव. मी वाट बघितली. मग चपला घातल्या.

रविवारी त्या भागात बस कमी. थंडीत उभी राहून मी रडले, मोठ्यानं. जातीसाठी नाही रडले. जात मला माहीत होती. मी पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली ती पोरगी आठवत होती, आणि सोफा, आणि मी विचारल्याशिवाय उघडायचे तो फ्रीज. पुन्हा माळ्यावर जायचं होतं. पुन्हा भिंतीशी बोलायचं होतं.

बसस्टॉपजवळच्या फोनच्या खोक्यातून कार्डावर मी गावातल्या दुकानात फोन लावला. दुकानदारानं आईला बोलावून आणलं. सगळं सांगितलं. शेवटी तिनं विचारलं,

"घेतलंस का?"

"न्हाई."

"मंग रडती कशाला?" आई म्हणाली. "त्यांच्या दारात रडली न्हाईस ना? मंग हितं रडायचं कारन न्हाई. जेव आन झोप. उद्या ड्युटी हाय तुजी."

फोन ठेवला तिनं. मला वाटलं होतं, ती म्हणेल परत ये. ती तसं म्हणाली नाही, हे बरं झालं.

तो हिवाळा वाईट गेला. मंडळाचं एकही बोलावणं आलं नाही. गुजराती दुकानात वहिनी दुरून दिसल्या की दुसऱ्या रांगेत वळायच्या. मी वळले नाही. मेथी निवडत राहिले. पुढं नोंदणी झाली, मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली, स्वतःची खोली घेतली. सरळ छपराची.

दोन वर्षांनी वहिनींचा फोन आला. पुन्हा दिवस गेले होते. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यांना येणं जमत नाही, म्हणाल्या. आणि मग, "झालं गेलं विसर ना. तुझ्यासारखं कुणी करणार नाही. तू घरचीच."

मी म्हणाले, "घरची कोण, ते तुम्ही ठरवलंत. मी मान्य केलंय. मी येणार नाही."

"इतका राग?"

"हो. इतका."

त्यांनी फोन ठेवला, का मी, ते आठवत नाही.

आता नवीन कुणी मराठी माणूस भेटला आणि आपलं गाव कुठलं म्हणून गळ्यात पडायला लागला, की मी गाव सांगते आणि त्याच दमात मी बौद्ध आहे हेही सांगते. पहिल्याच वाक्यात. ज्याला मागं सरायचं त्यानं तेव्हाच सरावं, माझ्या हातचं खाण्याआधी, माझ्याकडून पोरं न्हाऊ घालून घेण्याआधी. काही सरतात. मी बघत राहते, डोळे खाली घालत नाही. या देशात मी एकटी राहीन, म्हातारी होईन, तिरक्या छपराखाली पुन्हा जावं लागलं तरी जाईन. पण कुणाची सोयीपुरती नणंद मी होणार नाही.