हंड्याएवढी जागा

परळच्या आमच्या चाळीला एकच नळ होता. पहाटे पाणी यायचं आणि गिरणीचा भोंगा झाला तरी रांगेतले निम्मे हंडे कोरडेच असायचे. आई गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. पाण्यापायी तिला दोनदा फाटकावरून परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊच नको, असं मुकादमाने बजावलं होतं. वडील गेलेले. आम्हा तिघी बहिणींचं पोट तिच्या त्या कामावर होतं.

चाळीच्या पंचांनी दुसऱ्या नळासाठी अर्ज केला. पंच म्हणजे जन्मात कधी कळशी न उचललेले पाच पुरुष. त्यांच्या बैठकीत बायकांनी जायची पद्धत नव्हती. नळ बसवणाऱ्याने विचारलं, तोटी किती उंचीवर हवी? तेव्हा थोरल्या पंचांनी मापाला आपला तांब्या खाली ठेवला. मग नारळ फोडला, पहिल्या धारेखाली पाय धुतले आणि आम्हाला बोलावलं. हंडा तोटीखाली जाईना.

आठ दिवस बायका तांब्यातांब्याने हंडे भरत राहिल्या. हंड्यामागे जुन्या नळापेक्षा दुप्पट वेळ. आई पंचांकडे गेली, तर म्हणाले की तोटी वर घ्यायला पुन्हा अर्ज करावा लागेल, आणि बायकांना किती दिलं तरी कमीच. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. अहो, दिलं काय होतं? पाय धुवायची जागा.

दुसऱ्या पहाटे आई कुठूनशी पहार घेऊन आली. तोटीखालची फरशी तिने उखडली आणि खणू लागली. मी हाताने माती उपसत होते. थोरले पंच दातण चावत आले आणि कोणाला विचारून खणतेस म्हणाले.

"तुमचो तांब्यो मावलो," आई खणता खणता म्हणाली. "आता माझो हंडो मावांदे."

भोंगा झाला. मी तिच्याकडे पाहिलं. तिने पहार खाली ठेवली नाही. थोड्या वेळाने हंडा खड्ड्यात नीट बसला आणि काठोकाठ भरला. तो तिने शेजारणीच्या तापाने फणफणलेल्या सुनेच्या दारात ठेवला आणि मातीच्या हातांनीच गिरणीकडे धावली.

तिला फाटकातूनच काढून टाकलं.

चाळीतल्या बाकीच्या बायका पुढे वेळेवर पोचू लागल्या. पाहुणा आला की थोरले पंच त्याला नळ दाखवत आणि आपण कसा आणला ते रंगवून सांगत. खड्डा कुणी खणला हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्या वेळी आई गिरगावात लोकांच्या घरी पाणी भरत असे.