त्या ब्लॅडरचं कंपाउंड माझं नव्हतं

गेल्या महिन्यात जुन्या कंपनीतून फोन आला. स्मरणिका काढायची आहे, नॅनो बॉलच्या शोधाबद्दल तुम्ही दोन पानं लिहून द्या. बोलणारा मालकांचा मुलगा होता. 'काका, तुमचा शोध' असं तो तीनदा म्हणाला आणि तिन्ही वेळा मी गप्प बसलो. फोन ठेवल्यावर स्वतःचा इतका संताप आला की हातातला चष्मा टेबलावर आपटला. त्याची काडी तुटली. आता दोऱ्याने बांधलेल्या त्याच चष्म्यातून हे लिहितो आहे.

भोसरीच्या आमच्या कारखान्यात फुटबॉल-व्हॉलीबॉलची ब्लॅडरं बनायची, म्हणजे बॉलच्या आतली हवा धरणारी रबरी पिशवी. मी मिक्सिंग विभागाचा, म्हणजे रबराचं मिश्रण (कंपाउंड) तयार करणाऱ्या विभागाचा प्रमुख. ब्लॅडरमधली हवा रबरातून हळूहळू झिरपते आणि बॉल मऊ पडतो, ही या धंद्याची जुनी डोकेदुखी. मालकांनी कुठेतरी ऐकलं की नॅनो क्ले, म्हणजे मातीची अतिशय बारीक पूड, रबरात नीट मिसळली तर तिचे पापुद्रे हवेची वाट अडवतात. पूड आली. सोबतच्या कागदात सगळं होतं, फक्त आमच्या जुन्या मिलवर ती मिसळायची कशी एवढंच नव्हतं.

मिल म्हणजे एकमेकांच्या दिशेने फिरणारे दोन जाड लोखंडी रोल. मधल्या फटीतून रबर रगडलं जातं. मी पूड थेट त्या रबरावर ओतायला लावली. गोळे झाले. ब्लॅडर कापलं की आत पांढरे ठिपके. दीड महिना मी ऑइल बदललं, गंधक बदललं आणि माणसांवर ओरडलो.

मिलवर मावळातला एक कंत्राटी ऑपरेटर होता. शाळा सातवीपर्यंत. रोलवरून उतरणाऱ्या रबराच्या पट्टीवर तळहात फिरवून तो माल जोखायचा. एका दुपारी तो म्हणाला, "साहेब, रोल तापला की रबर लोण्यावानी हुतंय. पूड नुसती घसरती, रगडली जात न्हाई. पाणी सोडून रोल थंड करू. आधी थोड्याच रबरात सगळी पूड घालू, ते एक दिवस मुरू देऊ, मग बाकीच्यात मिसळू."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"पाट्यावर चटणी वाटताना पाणी आधीच वतलं तर दाणा पळतो. आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं हाय."

सगळी शिफ्ट हसली. मी हसलो नाही. पण त्याने सांगितलं तसं करून पाहिलं आणि ठिपके गेले. भरलेला बॉल तीन आठवडे टणक राहिला. अहवालात मी लिहिलं, 'ही पद्धत मी विकसित केली.' मालकांनी शाल घातली. तो मिलपाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्यांची मला लाज वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. तेव्हा वाटली नाही.

पुढच्या मे महिन्यात पाण्याचा टँकर आला नाही. रोल थंड करायला पाणी नव्हतं आणि चाकणच्या गोदामात माल पोचवायचा होता.

"साहेब, बंद करू. हात लावून बघा."

"चालू ठेव."

"मग मुरवायला तरी एक दिवस द्या."

"तू मालक आहेस का?"

मी हात लावून पाहिला नाही. तपासणीत फक्त टप्पा पाहिला. ताजी हवा भरलेला कुठलाही बॉल चांगलाच उसळतो. हवा धरते की नाही हे कळायला बॉल भरून ठेवावा लागतो, हे सगळ्या कारखान्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तरी मी सही केली. पंधरा दिवसांत सगळा माल मऊ पडून परत आला.

चौकशी मीच केली. 'ऑपरेटरने सूचना न पाळता पूड थेट टाकली,' असं लिहिलं. मालकांना खरं कळत नव्हतं असं नाही. मला काढलं असतं तर नॅनोचा तज्ज्ञ म्हणून दाखवायचं कोणाला? कंत्राटी माणसाचा गेटपास काढून घेणं सोपं होतं. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. अशा समजूतदारपणाची मला आता किळस येते.

इथवरचं लिहून मागच्या रविवारी मी दिघीहून चिखलीला गेलो. तिथे त्याचं पंक्चरचं दुकान आहे. त्याने मला ओळखलं, पण उठला नाही. त्याच्या बायकोने कागद मोठ्याने वाचला. तो ट्यूब घासत ऐकत होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बरं लिवलंय की. इतकी वर्सं शाई न्हवती व्हय?"

तो म्हणाला, "सगळं न्हाई लिवलं."

"काय राहिलं?" मी विचारलं.

"चाकणच्या दोन कंपन्यांनी मला घ्यायच्या आधी तुमाला फोन केलता. दोघांनीबी मला परत पाठवलं. फोनवर काय सांगितलंत?"

मला वाटत होतं, ते त्याला माहीत नाही. कागदात मी ते मुद्दामच घातलं नव्हतं. मारलेला शेरा खोडता येतो, नाव परत देता येतं, पण त्या दोन फोनमुळे मिलवरचा तसला हात कायमचा मिलपासून दुरावला, आणि ते करायला मला कोणी भाग पाडलं नव्हतं.

"बोला की," त्याची बायको म्हणाली. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

मी सांगितलं. दोन्ही वेळा मी म्हणालो होतो, 'हात बरा आहे, पण माणूस सांगितलेलं ऐकत नाही.'

त्याने हातातली ट्यूब खाली ठेवली. "त्या दिशी न्हाई ऐकायला पायजे हुतं," तो म्हणाला. "तिथंच चुकलं माजं. मिल बंद करून घरी जायला पायजे हुतं." मग त्याने बाकावरचा पेन माझ्याकडे सरकवला. "फोनचंबी लिवा त्यात. तुमच्या सहीच्या वर."

त्याच बाकावर बसून मी ते लिहिलं आणि खाली सही केली.