पुडी, गोळी आणि मायची सही

‘पुडी आजच्या आज बंद करा!’ पत्रकातली ही ओळ माझी. अहमदपूरच्या छापखान्यातून छापून आणली, बाजारच्या दिवशी ओरडून ओरडून वाटली. आणि ती सगळ्यांत आधी पाळली माझ्या मायनं.

माय तेव्हा रोजगार हमीच्या पाझर तलावावर कामाला होती. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी पळाला होता. आमचा तालुका नव्या लातूर जिल्ह्यात गेला होता, पण मस्टरच्या कागदावर अजून उस्मानाबादच छापलेलं. मायच्या दोन्ही हातांची बोटं, मनगटं, गुडघे सुजलेले. सकाळी मूठ वळायची नाही, लुगड्याची गाठ मारायला मला हाक मारायची. गल्लीतल्या बायकांनी आमवात म्हणून निकाल दिला आणि इलाज सुरू झाले. निरगुडीच्या पाल्याचा शेक, सुंठीचा काढा, एरंडेल. शेकानं तासभर बरं वाटायचं. बिब्ब्याच्या चटक्यानं मात्र मनगटावर जखम झाली, ती चिघळत बसली.

मग बाजारात सांधेदुखीच्या औषधाच्या पुड्या विकणारा भोकरकडचा एक पुडीवाला बसायला लागला. ‘शुद्ध झाडपाला, काही अपाय न्हाई.’ मायनं पुडी सुरू केली आणि तिसऱ्याच दिवशी तिची मूठ वळली. त्या आठवड्याला पगाराच्या वेळी तिनं मस्टरवर सही केली.

सहीचं सांगायला पाहिजे. माय प्रौढांच्या वर्गात पाटीवर नाव गिरवायला शिकली होती. आमच्या बौद्धवाड्यात तिच्या वयाच्या बायकांत सही करणारी ती पहिली. बोटं आखडल्यावर एकदा मुकादमानं तिचा अंगठा घेतला. ती शाई संध्याकाळपर्यंत राखेनं घासत बसली होती. पुडी म्हणजे तिच्यासाठी ती सही होती. हे मला दिसत होतं, तरी मी पत्रकच लिहिलं.

लिहायला कारणही होतं. चार महिन्यांत तिचं तोंड चंद्रासारखं गोल झालं. बाया टोमणे मारायच्या, “सगळा गाव वाळून राहिला अन् हिच्या गालाला काय चढून राहिलंय!” बांगडी नुसती घासली तरी कातडीवर काळानिळा डाग उठायचा. पुडीत काय आहे, हे पुडीवाला सांगत नव्हता. मी संतापले. पत्रक मायला वाचून दाखवलं.

“लई भारी लिवलंस,” ती म्हणाली. “मग माझी सही तू करशील का?”

“अंगठा दे की. काय बिघडतं?”

हे मी म्हणाले. साक्षरतेची पत्रकंही मीच लिहीत होते.

मायनं पुडी चुलीत टाकली. चौथ्या दिवशी तलावावर तिला ओकाऱ्या झाल्या, डोळे फिरले, ती टोपल्यासकट पडली. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं, तिथून नांदेडला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड, तिच्या हातावरचे डाग पाहिले.

“मावशी कसली पुडी घेत होत्या? आणि बंद कोणी केली?”

“मी,” मी छाती काढून म्हणाले.

“शाबास. मारलीच असतीस आईला.”

त्यांनी समजावलं. अशा पुडीत बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. महिनोन्महिने घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. मग एकदम तोडलं तर माणूस कोसळतो. ते मोजून द्यायचं आणि हळूहळू उतरवायचं. जोडीला दुसरी गोळी, मलेरियाचीच, पण या आजारालाही चालते.

“मला हिवताप न्हाई आला,” माय म्हणाली.

“माहीत आहे, मावशी. गुण यायला काही महिने लागतील. या गोळीनं डोळ्यांना अपाय होऊ शकतो, ते मात्र तपासत राहायचं.”

“अन् माझी निरगुडी?”

“शेका की खुशाल. पण गोळी सोडून नाही. आणि बिब्बा अजिबात नाही.”

डोळे तपासायला लातूर ठरलं. घरी आल्यावर उरलेली पत्रकं काढली आणि एकेका पत्रकावर ती ओळ पेनानं खोडली. वर लिहिलं, ‘पुडी मनानं बंद करू नका. आधी दवाखान्यात जा, पुडी सोबत न्या.’ ती घेऊन पुन्हा त्याच बाजारात उभी राहिले. पुडीवाला हसला. “ताई, आधी सोड म्हणलीस, आता सोडू नको म्हणतीस?”

“हाव. चुकले मी. तू सांग, पुडीत काय हाय?”

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी हलले नाही. पुढचे बाजारही त्याच्यासमोरच उभी राहिले.

स्टेरॉइड उतरत गेलं तशी मायची सकाळ पुन्हा आखडली. ती पुन्हा तलावावर जायला लागली होती, आणि तिथं पगार सकाळीच वाटायचे. मी मुकादमाला म्हणाले, “हिची सही दुपारी घ्या. दुपारपर्यंत बोटं सुटतात.”

“नवा जिल्हा झाला म्हणून नवा कायदा आणलाव का? अंगठा लाव, आक्का. शाई हाय इथं.”

“न्हाई लावत,” माय म्हणाली आणि मस्टरच्या खोपीसमोर बसली. तिच्या शेजारी मीही. या वेळी पत्रक नव्हतं हातात, निरगुडीच्या कोमट पाण्याचं भगुणं होतं. माय त्यात हात बुडवायची, बोटं उघडायची, मिटायची. मुकादम दोनदा येऊन बघून गेला. उन्हं कलल्यावर त्यानं मस्टर आणून तिच्यापुढं आपटलं.

मायनं पेन मुठीत धरलं. वेळ लागला. शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलं.

“हे वाचता येत न्हाई,” मुकादम म्हणाला.

“तुला न्हाई येत,” माय म्हणाली. “मला येतंय.”